चेंडू हातात, पाय रेषेबाहेर

सॉफ्टबॉल, बेसबॉलचा धाकटा भाऊ, जन्मला तो चार भिंतींच्या आत. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून चेंडू केला आणि झाडूचा दांडा बॅट झाला. बंद खोलीत क्षेत्ररक्षक चेंडू घेऊन बाहेर जाणार तरी कुठे? पुढच्याच वर्षी खेळ मोकळ्यावर आला. किटनबॉल, मशबॉल, डायमंड बॉल अशी नावे आणि जागोजागचे वेगळे नियम बरीच वर्षे चालले. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये सुचले, आणि १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातल्या स्पर्धेनंतर, १९३४ मध्ये संयुक्त नियम समिती बसली.

मोकळ्या मैदानाला कडा असते: कुंपण, डगआऊट (खेळाडूंची बसायची जागा), हद्दीची चुन्याची रेषा. पंचांची खरी डोकेदुखी तिथेच.

अमेरिकेत यूएसए सॉफ्टबॉल या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार, धावत झेल पूर्ण करून क्षेत्ररक्षक भरात हद्दीच्या रेषेपलीकडे गेला, तर बॅटर बादच. पण चेंडू मृत होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, आणि प्रत्येक रनरला (बेसवर असलेल्या फलंदाज संघाच्या खेळाडूला) एक बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा, मिळतो. झेलाने तिसरा बळी पडला असेल तर डावच संपला, मग बेसचा विषयच नाही. खुद्द रेषा मैदानातच धरतात.

एकच बेस का? कारण चूक अनवधानाची आहे. आता चलाख क्षेत्ररक्षकाचा विचार करा. रनर सुसाट पळताहेत, फेक वेळेत पोचणार नाही, तेव्हा चेंडू घेऊन मुद्दाम बाहेर पाऊल टाकले की खेळ थांबतो आणि नुकसान एका बेसवर भागते. ही पळवाट बुजवायला मुद्दाम नेलेल्या चेंडूसाठी दोन बेस ठेवले आहेत. हेतू पंचांनीच ताडायचा. माझ्या मते नियमातला सगळ्यात नाजूक भाग हाच.

मोजणी कुठून करायची, यावरून वाद होतात. चेंडू हातात घेऊन बाहेर नेला, तर पाऊल बाहेर पडले त्या क्षणी रनरने शेवटी स्पर्श केलेल्या बेसपासून. फेकलेला चेंडू बाहेर गेला, तर दोन बेस मिळतात, पण मोजणी चेंडू हातातून सुटल्या क्षणापासून. रनर तेवढ्यात पुढचा बेस गाठू शकतो, आणि फरक एका धावेचाही पडतो. म्हणून दोन पंच असतील तर एकाची नजर क्षेत्ररक्षकाच्या पायांवर, दुसऱ्याची रनरवर. एकटाच पंच असेल तर त्याने पाय बघावेत आणि लगेच मान वळवून बेस मोजावेत.