ड्रॉपडाऊनमध्ये दिसतं एक, सर्व्हरला जातं दुसरंच

गेल्या महिन्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका केंद्रात बसलो होतो. समोरच्या ताई फॉर्म भरत होत्या, राज्य महाराष्ट्र आधीच आलेलं, जिल्हा सातारा तोही आधीच आलेला, आणि तालुक्याची यादी मात्र रिकामी. उघडली की फक्त "निवडा" एवढंच दिसायचं. माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी लगेच कारण सांगून टाकलं, आज अमावस्या आहे, आज काही सर्व्हर चालायचा नाही. ताईंनी शांतपणे जिल्हा सांगली केला, परत सातारा केला, आणि सगळे अकरा तालुके खाली हजर! मी विचारलं, हे कसं काय? तर म्हणाल्या, "असंच करावं लागतं सर, का ते नाही माहीत, पण येतो."

मी वेबसाइट बनवण्याचंच काम करतो, त्यामुळे दाखला राहिला बाजूला आणि डोक्यात हेच सुरू झालं. ताईंचा तोडगा अगदी बरोबर आहे आणि त्यामागे पक्कं कारण आहे. अमावस्येमागे नाही. सर्व्हरला चंद्र दिसत नाही, तिथी कळत नाही, तो बंद पडतो तेव्हा गर्दी असते, वीज गेलेली असते किंवा कुणाचा तरी कोड चुकलेला असतो, आणि कारण शोधायच्या आधीच तिथीवर ढकललं की मग कारण कायमचं सापडत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

तर आधी ताईंचं कोडं. तुम्ही यादीतली निवड बदलली की ब्राउझर त्या पानातल्या प्रोग्रामला एक निरोप देतो, त्याला चेंज इव्हेंट म्हणतात. प्रोग्राम त्या निरोपाची वाट बघत असतो, तो आला की सर्व्हरला विचारतो, या जिल्ह्याचे तालुके पाठव. आता गंमत अशी की हा निरोप निवड *बदलली* तरच येतो. पान उघडतानाच जिल्हा भरलेला असेल, म्हणजे मागच्या अर्जातली माहिती आपोआप आली असेल, तर माणसाने काही बदललेलंच नाही, मग निरोप नाही, मग तालुकेही नाहीत. सातारा उघडून परत सातारा निवडला तरी काही होत नाही कारण बदल शून्य. सांगली करून परत सातारा केला की दोन खरे बदल होतात आणि गाडी सुरू होते. दुरुस्ती काय, तर पान उघडल्यावर प्रोग्रामने स्वतःहून एकदा बघायचं की जिल्हा आधीच निवडलेला आहे का, आणि असेल तर तालुके मागवायचे. दोन ओळींचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे दिवसभर सांगली-सातारा करत बसावं लागतं.

पण मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. आपण कऱ्हाड निवडतो तेव्हा सर्व्हरला नक्की काय जातं?

बहुतेकांना वाटतं की स्क्रीनवर जे दिसतं तेच जातं. तसं नाही. वेबपानाची जी भाषा आहे, एचटीएमएल, तिच्यात ड्रॉपडाऊन, म्हणजे ही दाबली की खाली उघडणारी यादी, सिलेक्ट नावाच्या टॅगने (खुणेने) बनते आणि त्याच्या पोटात एकेक ऑप्शन. प्रत्येक ऑप्शनला दोन गोष्टी असतात, एक माणसाला दिसणारं नाव आणि दुसरी व्हॅल्यू, जी दिसत नाही पण पाठवली जाते. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसं समजा, बॅग निळी का काळी याच्याशी बिल्ल्याला देणंघेणं नाही, त्यावर फक्त नंबर. ही रचना नवीन नाही, नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ठरली तेव्हापासून आहे.

आणि व्हॅल्यू लिहायचीच विसरलात तर? तर ब्राउझर दिसणारं नावच व्हॅल्यू म्हणून पाठवून देतो. कित्येक फॉर्ममध्ये पहिला ऑप्शन "निवडा" असा असतो, त्याला रिकामी व्हॅल्यू दिली नाही तर "निवडा" हा शब्दच तालुका म्हणून जातो. रकाना सक्तीचा केलेला असला तरी ब्राउझर अडवत नाही कारण त्याच्या दृष्टीने काहीतरी भरलेलं आहे. मग छापून आलेल्या कागदावर "तालुका: निवडा" दिसतं, असे कागद मी स्वतः पाहिलेत.

आता कऱ्हाड. समजा व्हॅल्यू दिलीच नाही, किंवा व्हॅल्यू म्हणून नावच दिलं. तर हे नाव तारेवरून कसं जातं ते बघू, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा सावकाश घेतो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक नंबर आहे. कऱ्हाड या शब्दात क, ऱ, हलंत, ह, काना, ड अशी सहा चिन्हं. (हलंत म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, ते वेगळं मोजलं जातं, कानाही वेगळा.) हे नंबर पाठवायची वेबवरची नेहमीची पद्धत म्हणजे यूटीएफ-८, त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. म्हणजे सहा त्रिक अठरा बाइट. पण वेब पत्त्यात देवनागरी बाइट जसेच्या तसे बसत नाहीत, म्हणून प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहायचा. नुसता क म्हणजे टक्का ई०, टक्का ए४, टक्का ९५. एका अक्षराची नऊ झाली. अख्खं कऱ्हाड ५४ अक्षरांचं होतं! फॉर्मची माहिती पत्त्यातून जात असेल तर वरच्या पट्टीत टक्क्यांची लांबलचक माळ दिसते ना, ती हीच.

इथपर्यंत ठीक, लांब झालं तरी पोचतं तर बरोबर. पण हा ऱ्ह मधला आडवा र आहे ना, तो दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्या ऱ ला वेगळी कळच आहे. दुसरी म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे एक अदृश्य चिन्ह टाकायचं, झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदी शून्य असलेला जोडणारा. तो नसेल तर र पुढच्या ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि कर्हाड दिसतं. ही दुसरी पद्धत १९९६ च्या युनिकोड २.० च्या काळातली, जुनं लिखाण बिघडू नये म्हणून अजून चालू ठेवलेली, आणि काही फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करून देणारे) आजही तीच वापरतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आडवा र तसाच, भिंग लावून बघा, फरक नाही. पण पहिलं सहा चिन्हांचं आणि दुसरं सात चिन्हांचं, म्हणजे १८ बाइट आणि २१ बाइट, पत्त्यात ५४ अक्षरं आणि ६३ अक्षरं. कॉम्प्युटरला विचारलं हे दोन शब्द सारखे आहेत का, तर तो म्हणणार नाहीत, आणि त्याचं बरोबर आहे.

बरं, युनिकोडमध्ये असे दुहेरी प्रकार एकसारखे करायची सोय आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. साधा र आणि नंतर वेगळं टिंब असं टाइप केलं असेल तर ती सोय त्याचा एकच ऱ करून देते. पण अदृश्य जोडणारा ज्यात आहे ते रूप तिच्या लेखी वेगळंच आहे, त्याला ती हात लावत नाही. म्हणजे नॉर्मलायझेशनची लायब्ररी (आयता मिळणारा प्रोग्राम) वापरली, काम झालं, असं म्हणून निवांत बसलेल्या प्रोग्रामरलाही कऱ्हाड दोन दिसणार. वर कुणी नुसतं कराड लिहिलं की तिसरं. मग अहवाल काढला की एकाच तालुक्याच्या तीन ओळी, प्रत्येकीत थोडेथोडे अर्ज, आणि साहेब विचारतात की कऱ्हाडचे आकडे एवढे कमी कसे. अशा विस्कटलेल्या माहितीवर एआय लावलं की ती आपोआप नीट होईल अशा जाहिराती हल्ली रोज येतात. माझं मत स्पष्ट आहे, जी चूक दारातच थांबवता येते ती आत घेऊन मग महागडं यंत्र लावून निस्तरण्यात काही अर्थ नाही.

दारात थांबवायची म्हणजे नाव पाठवायचं नाही, कोड पाठवायचा, म्हणजे त्या जागेला ठरवून दिलेला आकडा. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याचा कोड ५२७, सांगलीचा ५३१, अहमदनगरचा ५२२. राज्यांचेही आहेत, महाराष्ट्र २७, गोवा ३०. दुकानाच्या बिलावर जीएसटी नंबर बघा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, तोच हा. २७ मध्ये काना नाही, रफार नाही, अदृश्य काही नाही.

आणि कोडचा खरा फायदा नाव बदलतं तेव्हा कळतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी डेटाबेसमध्ये नाव साठवलं होतं त्यांचं काय झालं बघा. ड्रॉपडाऊनच्या यादीत नवीन नाव आलं, जुन्या अर्जात जुनं नाव पडलेलं, अर्ज दुरुस्तीसाठी उघडला की पान बनवणारा प्रोग्राम साठवलेली व्हॅल्यू यादीत शोधतो, सापडत नाही, आणि मग ब्राउझर यादीतला पहिलाच ऑप्शन निवडलेला दाखवतो. माणूस फक्त मोबाईल नंबर बदलायला आलेला असतो, खाली सबमिट दाबतो, आणि त्याचा जिल्हा अकोला होऊन जातो, त्याला पत्ताही नसतो! ज्यांनी ५२२ साठवलं होतं त्यांनी एका तक्त्यात एक नाव बदललं आणि जुने नवे सगळे अर्ज अहिल्यानगर दाखवायला लागले.

कोडही मात्र अर्थ नसलेलाच बरा. गाड्यांच्या नंबरात ओरिसाचा कोड ओआर होता, २०११ मध्ये राज्याचं नाव ओडिशा झालं आणि मग कोडसुद्धा ओडी करावा लागला, कारण कोडात नाव लपलेलं होतं. आकड्याला असली भानगड नाही. अर्थात आकडा सगळं सोडवत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जुन्या अर्जातला ठाण्याचा कोड बघून तो माणूस आता पालघरचा का ठाण्याचा हे कळत नाही, त्यासाठी तालुका साठवलेला लागतो. म्हणून मी नेहमी म्हणतो की सगळ्यात लहान जागा साठवा, मोठी तिच्यावरून काढता येते.

एक गैरसमज तर कामातल्या लोकांतही पक्का आहे. ड्रॉपडाऊन दिलाय म्हणजे यादीबाहेरचं काही येऊच शकत नाही. येऊ शकतं. कॉम्प्युटरवर पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणा, ऑप्शनची व्हॅल्यू दिसते, तिथेच बदलता येते आणि बदललेली पाठवता येते, शाळेतलं पोरगंही करेल. म्हणून सर्व्हरने आलेली व्हॅल्यू स्वतःच्या यादीशी ताडून बघायलाच हवी, आणि तालुका त्याच जिल्ह्यातला आहे ना तेही. हे फक्त लबाडी करणाऱ्यांसाठी नाही हां. नेट हळू असताना ताईंनी सातारा करून पटकन सांगली केलं की दोन विचारणा जातात, साताऱ्याचं उत्तर उशिरा आलं तर सांगलीच्या खाली पाटण, वाई, फलटण येऊन बसतात. प्रोग्रामने उत्तर आल्यावर बघायला हवं की आत्ता कुठला जिल्हा निवडलेला आहे, आणि जुळत नसेल तर उत्तर टाकून द्यायचं.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या रक्तदान शिबिरासाठी नोंदणीचा फॉर्म मी केला होता. रक्तगटाचा ड्रॉपडाऊन, आठ ऑप्शन, व्हॅल्यूही तीच, ए+, ए-, बी+ अशी. फॉर्म नेहमीसारखा पाठवला असता तर ब्राउझरने अधिकाचं चिन्ह नीट टक्क्यात बदललं असतं. पण मी घाईत वेब पत्ता स्वतःच जोडून बनवला, एकामागे एक व्हॅल्यू चिकटवत. आणि या पद्धतीत अधिकाचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा, वेबवर सुरुवातीपासून तसंच ठरलेलं आहे. सर्व्हरने बी+ वाचलं ते "बी" आणि पुढे एक स्पेस, आणि साठवताना शेवटची स्पेस छाटून टाकली. उणेचं चिन्ह मात्र सुरक्षित पोचलं. शिबिराच्या आदल्या रात्री यादी उघडली तर अर्ध्याहून जास्त लोकांचा गट नुसता ए, बी, ओ.

उणे शाबूत होतं, म्हणजे नुसता बी दिसतोय तो बी पॉझिटिव्हच असणार, हिशेबाने बरोबर होतं. पण रक्ताच्या बाबतीत हिशेबावर सोडायची माझी छाती झाली नाही. मी आणि माझी बहीण, दोघांनी रात्री साडेअकरापर्यंत एकेकाला फोन करून विचारलं, काका तुमचा गट पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, कार्डावर बघून सांगा. त्या फॉर्ममध्ये आता व्हॅल्यू एक ते आठ आहेत, अधिक-उणे फक्त दिसणाऱ्या नावात.