नगरसेवकांचे प्रशिक्षण आणि क्षमताविकास: दोन्हींचे नियोजन वेगळे का हवे

महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची निवडणूक होऊन नवे सभागृह अस्तित्वात आले की पहिल्या काही महिन्यांत नवनिर्वाचित सदस्यांसाठी एखादी कार्यशाळा घेतली जाते. तिच्या शीर्षकात ‘प्रशिक्षण व क्षमताविकास’ हे शब्द बहुधा जोडीनेच येतात, खर्चही एकाच तरतुदीतून होतो आणि कार्यशाळा पार पडली की दोन्ही कामे झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यांतले पहिलेच काम झालेले असते, तेही बऱ्याचदा अर्धे. दुसऱ्याचे नियोजनच झालेले नसते. कारण ते पहिल्याहून वेगळे आहे हे नियोजन करणाऱ्यांनी गृहीत धरलेले नसते.

प्रशिक्षण म्हणजे सदस्याला आज ठाऊक नसलेली, पण पदावर बसताच लागणारी माहिती आणि रीत शिकवणे. तिचा आशय आधी ठरवता येतो, तो सर्वांना जवळपास सारखाच लागतो आणि शिकवणे कधी संपले हे सांगता येते. क्षमताविकासाचे तसे नसते. एखादा सदस्य पाच वर्षांच्या मुदतीत प्रश्न अभ्यासून मांडणारा, समितीचे काम पेलणारा, प्रशासनाकडून उत्तर मिळवणारा लोकप्रतिनिधी कसा होतो, हा त्याचा विषय आहे. त्याची दिशा प्रत्येकाची वेगळी असते आणि त्यातला मोठा भाग वर्गाबाहेर घडतो.

प्रशिक्षणात काय हवे, याबद्दल फारसा वाद नसावा. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, मुंबईला 1888 चा स्वतंत्र अधिनियम आहे, तर नगरपरिषदा व नगरपंचायती 1965 च्या अधिनियमानुसार चालतात. आपल्याला यांपैकी कोणता लागू आहे इथूनच सुरुवात करावी लागते. सदस्यत्व कशामुळे जाऊ शकते हे पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे: संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध असणे, अनधिकृत बांधकाम, आणि 1986 च्या अनर्हता (सदस्य अपात्र ठरवण्याच्या) अधिनियमाखाली पक्षादेशाविरुद्ध मतदान. त्यानंतर विषयपत्रिका, उपसूचना, तहकुबी, इतिवृत्त यांची रीत. शेवटी, 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीतील, 18 विषयांपैकी कोणते आपल्या संस्थेकडे खरोखर आहेत आणि कोणते राज्याच्या इतर यंत्रणांकडे आहेत. हे शिकवण्याची सोय महाराष्ट्रात आहे. पुण्याची यशदा ही राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था आहे, 1926 साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. जाणकार व्याख्यातेही मिळतात.

फरक नीट कळण्यासाठी अर्थसंकल्प हा एकच विषय दोन्ही बाजूंनी पाहावा. महानगरपालिकेत आयुक्त अंदाजपत्रक तयार करून खर्च व कंत्राटांना मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरबदल करून ते सर्वसाधारण सभेकडे पाठवते आणि सभा त्याला मंजुरी देते. महसुली (रोजच्या कारभाराचा) खर्च आणि भांडवली (नव्या बांधणीचा) खर्च वेगळे असतात. वर्षाच्या मध्यावर एका कामाची रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवता येते. एवढे समजावायला अर्धा दिवस पुरतो आणि समजले की नाही हे पाच प्रश्न विचारून तपासता येते. हे प्रशिक्षण झाले. पण प्रभागातील जलवाहिनीसाठी ठेवलेली तरतूद सलग दोन वर्षे खर्ची का पडली नाही हे शोधणे, निविदा अडली की जागेचे भूसंपादन अडले हे अधिकाऱ्याकडून काढून घेणे, पुढच्या अंदाजपत्रकाचा मसुदा होण्यापूर्वीच मागणी लेखी देणे, तिच्यासाठी शेजारच्या प्रभागातील विरोधी पक्षाच्या सदस्यालाही सोबत घेणे आणि वर्गीकरणाच्या प्रस्तावात ती रक्कम पुन्हा दुसरीकडे जात नाही ना यावर नजर ठेवणे, ही क्षमता कोणत्याही व्याख्यानातून येत नाही. ती एका अर्थसंकल्पात चुकत, दुसऱ्यात सावरत आणि तिसऱ्यात कोणाच्या तरी मार्गदर्शनाने येते. म्हणूनच अर्थसंकल्पाचे प्रशिक्षण पहिल्याच कार्यशाळेत उरकणे फारसे उपयोगाचे नाही. मसुदा तयार होत असताना, म्हणजे हिवाळ्यात, ते दरवर्षी थोडे थोडे द्यावे आणि त्या वेळी सदस्याच्या हातात त्याच्याच संस्थेचे मागील वर्षाचे अंदाजपत्रक असावे.

समित्यांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि क्षमताविकासाच्या चर्चेत ती जवळजवळ कधीच येत नाही. 1949 च्या अधिनियमाप्रमाणे स्थायी समितीत 16 सदस्य असतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते, त्यामुळे समितीचे कामकाज कुठे कळू लागले असताना काहींना बाहेर पडावे लागते. समितीवर कोणाला पाठवायचे हे गटनेता (सभागृहातील पक्षाच्या सदस्यांचा नेता) व पक्ष ठरवतात, आणि तो निर्णय बहुतेक वेळा नाराजी दूर करण्यासाठी किंवा भौगोलिक समतोल राखण्यासाठी होतो. त्यात गैर काही नाही, राजकारणात तसेच चालायचे. तरीही नगरसेवकाच्या जडणघडणीबाबतचा सर्वांत मोठा निर्णय प्रशिक्षण देणारी संस्था घेत नाही, सभागृहाचे कामकाज सांभाळणारे नगरसचिवही घेत नाहीत, तो गटनेता घेतो, हे नियोजन करणाऱ्याने ओळखले पाहिजे. गटनेत्यांना बाजूला ठेवून केलेला क्षमताविकासाचा आराखडा कागदावरच राहतो.

अनुभवी सदस्याकडून नव्याने शिकणे हा आपल्याकडील जुना आणि परिणामकारक मार्ग आहे. तो मध्यंतरी अनेक शहरांत तुटला. मुंबई व पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळपास चार वर्षे तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. इतक्या खंडानंतर आलेल्या सभागृहात केवळ प्रशिक्षण वाढवून भागणार नाही. माजी सदस्य, निवृत्त नगरसचिव किंवा लेखाधिकारी यांना एकेका नव्या सदस्याशी वर्षभरासाठी जोडून देण्याची व्यवस्था अधिक उपयोगी पडेल. अशा जोड्या पक्षाच्या आत लावायच्या की बाहेर, हा नाजूक प्रश्न आहे. माझ्या मते कायदा आणि लेख्यांसाठी पक्षाबाहेरचा माणूस चालतो, सभागृहातील डावपेचांसाठी चालत नाही.

वेल्समध्ये हा फरक कायद्यानेच मान्य केला आहे. तेथील 2011 च्या स्थानिक शासनविषयक कायद्यानुसार सदस्यांना प्रशिक्षणाच्या व विकासाच्या वाजवी संधी उपलब्ध करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहेच. त्याशिवाय सदस्याच्या गरजांचा वार्षिक आढावा घेण्याची आणि त्यात जाणकार व्यक्तीशी समोरासमोर बोलण्याची सोयही संस्थेने करून द्यायची असते. आपल्याकडे तो कायदा जसाच्या तसा आणण्याची गरज नाही, पण वार्षिक संभाषणाची कल्पना घेण्याजोगी आहे. वर्षातून एकदा, तासभर, सदस्याने आपले पुढील वर्षाचे काम सांगावे आणि त्यासाठी काय कमी पडते ते बोलावे. यातून निघणाऱ्या गरजा प्रश्नावलीत कधी उतरत नाहीत. तांत्रिक अहवाल वाचता येत नाही हे कोणताही लोकप्रतिनिधी छापील नमुन्यावर लिहून देणार नाही, पण विश्वासाच्या माणसाला सांगेल.

महिला सदस्यांच्या बाबतीत ही गल्लत जास्त महागात पडते. राज्यात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. एखादी सदस्या सभागृहात बोलत नसेल तर तिला ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ असा शेरा सहज मारला जातो. मात्र अधिकारी तिच्याऐवजी तिच्या पतीशी बोलत असतील, गटाची बैठक रात्री उशिरा ठेवली जात असेल आणि विषयपत्रिका तिच्या हातात आदल्या संध्याकाळी पडत असेल, तर तिच्याकडे ज्ञानाची उणीव आहे असे म्हणता येत नाही. तेथे बैठकीची वेळ आणि अधिकाऱ्यांचे वर्तन बदलावे लागेल. उशिरा मिळणारी कागदपत्रे तर सर्वच सदस्यांचा प्रश्न आहे आणि त्यावर कोणताही अभ्यासक्रम लागू पडत नाही.

अभ्यासदौऱ्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. दौरा हा प्रशिक्षणात मोडत नाही, आणि परतल्यावर पाहिलेल्या गोष्टीवर प्रस्ताव किंवा निदान लेखी टिपण सभागृहापुढे आले नाही तर क्षमताविकासातही मोडत नाही. मग त्याला सहल म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही.

मूल्यमापनाची साधनेही वेगळी लागतात. प्रशिक्षणानंतर लगेच चाचणी घेता येते आणि उपस्थितीपेक्षा तीच विश्वासार्ह. क्षमताविकासासाठी वर्ष-दीड वर्षानंतरची इतिवृत्ते काढून पाहावीत: किती लेखी प्रश्न आले, किती उपसूचना स्वीकारल्या गेल्या, समितीत प्रस्तावांवर चर्चा झाली की सगळे विषय दहा मिनिटांत मंजूर झाले. अर्थात मोठ्या आवाजात बोलणारा सदस्य सक्षम असतोच असे नाही आणि शांतपणे पत्रव्यवहार करून काम मार्गी लावणारा इतिवृत्तात दिसतच नाही; म्हणून प्रभागातील कामांची नोंदही सोबत तपासावी लागते. मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असल्याने एका कामाचे श्रेय अनेकांच्या नावावर चढते, हेही ध्यानात घ्यावे.

एक आक्षेप उरतो. आरक्षणाची सोडत पुढच्या निवडणुकीत बदलते, उमेदवारी मिळेलच असे नसते, मग पाच वर्षांत तयार झालेल्या सदस्यावरचा खर्च वाया जात नाही का? सदस्य सभागृहाबाहेर गेला तर तो खर्च काही अंशी वाया जातो. यासाठी शेवटच्या वर्षात प्रत्येक समितीने आपली प्रलंबित कामे, अडलेल्या निविदा आणि उपयोगी पडलेल्या कार्यपद्धती यांचे टिपण नगरसचिवांकडे ठेवावे, आणि पुढच्या सभागृहाच्या पहिल्या प्रशिक्षणात छापील पुस्तिकेबरोबर तेही नव्या सदस्यांना द्यावे.