मांडीवरचं बाळ गाडीत सुरक्षित नसतं

"आईनं घट्ट धरलंय ना, मग वेगळी सीट कशाला?" घरोघरी ऐकू येणारा हा समज बाळाच्या जिवावर बेततो. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळली, की 10 किलोचं बाळ धरून ठेवायला शंभर किलोंहून जास्त वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुणाच्याच हातांत नसते. दोघांना मिळून एकच बेल्ट लावणं तर त्याहून वाईट: आईचा सगळा भार बाळावर येतो, पट्टा त्याच्या पोटात रुततो.

14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर कायद्याने 1000 रुपये दंड आहे. तान्ह्याची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल, तर तो अजून आवळा.