हेडकप बसवण्याची अवजारे

सायकलीच्या फ्रेमच्या पुढच्या टोकाला असलेल्या आखूड नळीत, म्हणजेच हेडमध्ये, वर आणि खाली बेअरिंगचे कप घट्ट बसवणे, जुने कप काढणे आणि चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्याच्या) दांड्याच्या बुडाशी कोन ठोकणे या कामांसाठी लागणारी अवजारे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील दुकानांत कप, कोन, छर्रे आणि चिमटा हेच शब्द चालतात. त्यांतला ‘कोन’ भूमितीतला नसून शंकूसारख्या उताराच्या कड्याचे नाव आहे, हे नोंदवलेले बरे.

कपाला आटे नसतात. त्याचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा साधारणपणे ०.१ ते ०.२ मिमी. मोठा ठेवलेला असतो आणि या ओढीवरच, म्हणजे जादा व्यासामुळे येणाऱ्या घट्टपणावरच, तो टिकतो. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात गेला तरी या घट्टपणात फारसा फरक पडत नाही. तापमान ३० अंशांनी वाढले, तर ३० मिमी. व्यासाची पोलादी नळी जेमतेम ०.०११ मिमी. फुगते, आणि कपही पोलादी असेल तर तोही तेवढाच फुगतो.

मापांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १ इंची दांड्याच्या सायकलींत दोन पद्धती आढळतात. जपानी मानकात कपाचा व्यास ३०.० मिमी. आणि चिमट्यावरील कोनाची बैठक २७.० मिमी. असते, तर आंतरराष्ट्रीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मापात हेच आकडे ३०.२ आणि २६.४ मिमी. आहेत. ०.२ मिमी.चा फरक किरकोळ मानून मोठा कप लहान नळीत दाबून बसवावा असे काही कारागीर म्हणतात. परंतु त्यामुळे मूळची ओढ दुप्पट ते तिप्पट होते आणि नळीचे तोंड फाकण्याचा धोका राहतो, म्हणून रीमर (भोक आतून खरवडून मोठे करणारे अवजार) फिरवून नळी मापात आणणे अधिक सयुक्तिक वाटते. उलट प्रकारात, म्हणजे लहान कप मोठ्या नळीत सैल पडल्यास, पत्र्याची पट्टी घालून वेळ निभावता येते, पण ती तात्पुरती सोय होय. कोनाच्या बाबतीत फरक ०.६ मिमी. असल्याने तडजोडीला वावच नाही. दांड्यावरचे आटेही सर्वत्र सारखे नसतात: सामान्यतः इंचाला २४, पण रॅले या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातील सायकलींत २६. आपल्याकडील मिस्त्री सुतात मोजतो (१ सूत म्हणजे १/८ इंच), त्यामुळे नव्या गिअरच्या सायकलींतील १ १/८ इंची दांड्याला तो सरळ ‘एक इंच एक सूत’ म्हणतो. हे माप दांड्याचे आहे; त्याच्या नेहमीच्या बाहेरबैठकीच्या (बेअरिंग नळीच्या बाहेर राहणाऱ्या) कपाचा व्यास मात्र ३४ मिमी. असतो. आत दडणाऱ्या कपांसाठी ४४ मिमी.ची नळी लागते.

मुख्य अवजार म्हणजे स्क्रूचे दाबयंत्र: आटे पाडलेला लांब दांडा, त्याच्या एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला सरकती थाळी, व फिरवायची मूठ. व्हिचेंझा येथे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या काम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या लाकडी पेटीतील अवजारसंचात ते असे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते व्यावसायिक दुकानांत रूढ झाले असावे. पुढे पार्क टूल (सेंट पॉल, अमेरिका; १९६३) या कंपनीची दाबयंत्रे सर्वत्र परिचित झाली. दोन्ही कप एकाच वेळी दाबण्याची रीतही प्रचलित आहे. तथापि एकेक कप दाबल्यास तो तिरका जातो आहे का हे डोळ्यांना दिसते. तिरका गेलेला कप नळीच्या आतून धातूचा किस काढतो आणि नंतर सरळ केला तरी सैलच राहतो. दाब नेहमी कपाच्या काठावर यावा. सीलबंद बेअरिंगच्या आतल्या कड्यावर आल्यास बेअरिंग निकामी होते. कप दाबण्याआधी नळीची दोन्ही तोंडे परस्परांना समांतर छिलून घेणे इष्ट असते.

खानदेशातील साध्या दुकानात हेच काम लाकडी ठोकळा आणि हातोडीवर होते. कप टेकेपर्यंत आवाज बोदा येतो आणि टेकताच तो टणक होतो. जाणता मिस्त्री तिथेच हात थांबवतो. काही जण लेथवाल्याकडून पाच सुती आटेदार गज, दोन जाड वायसर आणि कपाच्या मापाचे बुश करून घेतात व दोन पान्ह्यांनी नट आवळतात. तत्त्वतः हे दाबयंत्रच होय. कार्बनच्या फ्रेमवर हातोडी वर्ज्य आहे.

कप काढण्यासाठी एका टोकाला चार चिरा देऊन पाकळ्यांसारखी फाकवलेली नळी वापरतात; ती आतून ओढून घेतली की पाकळ्या कपामागे अडकतात आणि दुसऱ्या टोकावर ठोकून कप बाहेर पडतो. ती नसल्यास गज घालून आळीपाळीने दोन बाजूंना ठोकतात. कोन बसवण्यासाठी दांड्यावरून जाणारा लांब पाइप पुरतो.

इंटिग्रेटेड, म्हणजे वेगळा कप नसलेल्या, प्रकारात बेअरिंग फ्रेममध्येच कोरलेल्या बैठकीवर हाताने ठेवले जाते. तेथे दाबयंत्र लागत नाही.