अर्धवट फीचर (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

काम सुरू झाले, थोडाफार कोडही लिहून झाला, पण वापरण्याजोगे रूप आले नाही अशी मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरमधील सुविधा. ती कोणाच्या तरी ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या शाखेत), न स्वीकारलेल्या पॅचमध्ये (सुचवलेल्या बदलात) किंवा दाबून काहीच न होणाऱ्या बटणात पडून असते. असे बरेच प्रकल्प स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालतात, आणि फावला वेळ कोणी मागून मिळत नाही. अशा सॉफ्टवेअरसाठीच्या जीपीएल परवान्यातही (पहिली आवृत्ती १९८९) कसलीच हमी दिलेली नाही.

ठळक उदाहरण ग्नू हर्डचे. या कर्नलचे (संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याचे) काम १९९० मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी लिनक्स हा दुसरा कर्नल आला आणि हात तिकडे वळले. २०१६ मध्ये हर्डची ०.९ आवृत्ती निघाली, १.० अजून नाही. पण अर्धवट म्हणजे मेलेले नव्हे. चित्रसंपादनासाठीच्या गेगल इंजिनाचा आरंभ २००० चा. गिंप या चित्रसंपादकाने ते २००८ मध्ये थोडे, २०१८ मध्ये बरेचसे सामावून घेतले. मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावण्याची सोय मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली.

कोड लिहिणे हा यातला सोपा, शिवाय मजेचा भाग. तपासणी, चाचण्या, दस्तऐवज आणि जुन्या फाइली नव्या आवृत्तीत उघडतील याची काळजी, हे कोणालाच नको असते. खाजनाचा (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध घालून गावकरी मोकळे होत नाहीत. खेकड्यांनी पाडलेली भोके सतत बुजवावी लागतात, तसेच हे. पॅच स्वीकारणारा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) पुढची कित्येक वर्षे तो सांभाळण्याची जबाबदारी घेतो. म्हणून त्याचा नकार उर्मटपणाचा वाटला तरी बहुधा शहाणपणाचा असतो. सांभाळणारे किती थोडे असतात ते २०१४ मध्ये हार्टब्लीड या सुरक्षादोषाने दाखवले: सुरक्षित जोडणीसाठी जगभरचे सर्व्हर ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होते, त्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता.

गोव्यात हा प्रश्न अनुवादात जास्त दिसतो. कोंकणी विकिपीडिया अनेक वर्षे इनक्युबेटरमध्ये (नव्या विकींच्या चाचणीच्या जागेत) राहून २०१५ मध्ये स्वतंत्र झाला. तो ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या मेनूंचे देवनागरी आणि रोमी (रोमन लिपीतील) कोंकणी अनुवाद वेगळे ठेवले जातात. हात मोजके आणि काम दुप्पट. मराठीतून संगणक वापरणाऱ्या गोमंतकीयाला त्या मानाने बरी स्थिती लाभते, कारण अनुवादक महाराष्ट्रातूनही येतात. तरी नव्या आवृत्तीबरोबर नवी इंग्रजी वाक्ये येतात आणि मेनू पुन्हा धेडगुजरी होतो.

फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा झुआरीनगरचे बिट्स (२००४) अशा ठिकाणचा विद्यार्थी उन्हाळ्यात एखादे फीचर हाती घेऊ शकतो. २००५ पासूनचा गूगल समर ऑफ कोड त्यासाठी मानधनही देतो. पुढे परीक्षा, नोकरी, बंगळूर किंवा पुणे. ब्रँच मागे राहते. दोष विद्यार्थ्याला देण्यात अर्थ नाही. ज्या प्रकल्पाने काम छोट्या, एकेक करून मर्ज होणाऱ्या (मूळ कोडात मिसळणाऱ्या) तुकड्यांत मागितले नाही, त्याचा वाटा मोठा.

डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीत काम सोडून जाण्याचीही रीत आहे. पॅकेज (तिच्यातला एखादा प्रोग्राम) सांभाळणे जमेनासे झाले की मेंटेनर ते ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो, ते खुल्या यादीत जाते, आणि नवा माणूस मिळेपर्यंत गुणवत्ता गट त्यातल्या निकडीच्या चुका दुरुस्त करतो.