टोमॅटोचं घड्याळ आणि २५ मिनिटं

‘मेंदू २५ मिनिटांपलीकडे एकाग्र राहूच शकत नाही, म्हणून पोमोदोरो’ हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. तसं काही नाही. पोमोदोरो ही कामाची एक पद्धत: टायमर लावून २५ मिनिटं काम, मग छोटी विश्रांती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर पुढ्यात ठेवला. इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. २५चा आकडा करून बघता बघता ठरला, प्रयोगशाळेत नव्हे. त्यामुळे तो पाळायचा हट्ट कशाला? ट्रायल बॅलन्समधला, म्हणजे जमा-नावेच्या ताळ्यातला, १८० रुपयांचा फरक सापडत आलाय, नेमकं व्हाउचर हातात आहे आणि टायमर वाजला. चहाला उठलात, तर परतल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून! टाळत आलेल्या कामाला बसवायला मात्र हा टोमॅटो बरा.