भाकरीवर आळ कसा आला: कुत्र्यांच्या खाजेची आणि जेवणाची पार्श्वभूमी

लातूर घ्या, नांदेड घ्या, संभाजीनगर घ्या, कुत्रं पाळणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर आठवड्याला एक तरी प्रश्न येतोच. कुत्रं पंजे चाटायलंय, कान खाजवायलंय, पोटाखाली लाल झालंय, काय खायला घालू? आणि खालचं पहिलं उत्तर ठरलेलं असतंय, पोळी-भाकरी आजपासून बंद कर, ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं पाकिटातलं खाद्य, चालू कर. हे उत्तर आपल्याकडचं नाही, ते फिरत फिरत इथं आलंय आणि मधे त्याचं काय काय झालं हे सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून हे लिहायलोय. भाकरीवर घेतलेला हा आळ मला मान्य नाही हे आधीच सांगतो, पुढं तसंच दिसेल.

जुनं थोडक्यात. मराठवाड्यातलं कुत्रं ज्वारीवर वाढलं. वाड्यातलं असो, शेतावरचं असो की धनगराच्या मेंढरामागचं, सकाळी शिळ्या भाकरीचा ताकात नाहीतर दुधात केलेला काला, रात्री उरलंसुरलं कालवण-भाकरी, कुणाकडं मटण झालं तर हाडं. लातूरकडचे कारवान आणि पश्मी ही शिकारीची कुत्री, त्यांना ससा वगैरे मिळायचा, पण 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार कायद्यानं बंद झाली. त्याच सुमाराला दुष्काळ, माणसांनाच रेशनची लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, तिथं कुत्र्याच्या वाट्याला काय येणार. जुनी कुत्री लई निरोगी होती असं म्हणतात ते मला पटत नाही. गोचिडाच्या तापानं कितीतरी गेली, अंगावरचे केस गेले की लूत लागली म्हणायचं आणि गाडीचं जळकं ऑइल नाहीतर करंजाच्या तेलात गंधक चोळायचं, खाज कशानं आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. जळकं ऑइल कुत्रं चाटतंय आणि ते विष आहे, हे आजही काही ठिकाणी सांगावं लागतंय.

तिकडं विलायतेत 1860 च्या आसपास कुत्र्यासाठी वेगळं बिस्किट विकायला सुरुवात झाली. 1920 च्या दशकात अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले, दुसऱ्या महायुद्धात पत्रा आणि मांस दोन्हीवर रेशनिंग आलं तशी कोरड्या खाण्याची चलती झाली, आणि 1950 च्या दशकात मशीनमधून फुगवून काढलेले दाणे, म्हणजे आज आपण ज्याला ड्राय फूड म्हणतो ते, बाजारात आले. 1993 ला ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्यानं कच्चं मांस आणि हाडं हेच कुत्र्याचं खरं जेवण असं पुस्तक लिहून मांडलं, तिथून रॉ फीडिंगवाले वाढले. पण धान्याच्या नावाला खरा बट्टा लागला तो 2007 ला.

त्या वर्षी मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं किडनी फेल होऊन मरायला लागली. शोध घेतला तर खाद्यात घातलेलं गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रोटीन, चीनमधून आलेलं आणि त्यात मेलामाइन मिसळलेलं. मेलामाइन म्हणजे प्लॅस्टिकच्या ताटल्या करतात ते, ते घातलं की टेस्टमध्ये प्रोटीन जास्त दिसतंय. सहा कोटींच्या वर डबे आणि पाकिटं परत मागवावी लागली. दोष भेसळीचा होता, गव्हाचा नव्हता, पण लोकांच्या डोक्यात गहू, ग्लुटेन, धान्य सगळं एकाच पोत्यात गेलं आणि कंपन्यांनी ते बरोबर ओळखलं. पाकिटावर लांडग्याचं चित्र आलं, ग्रेन-फ्री असं मोठ्या अक्षरात आलं, आणि धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा. म्हणजे स्टार्च तेवढाच राहिला, फक्त पीक बदललं!

लांडग्याच्या चित्राबद्दल एक सांगायलाच पाहिजे. 2013 ला लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना छापून आली. स्टार्च पचवणाऱ्या एका जीनच्या लांडग्याकडं दोनच कॉपी असतात, कुत्र्याकडं 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीपाशी हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट धान्य पचवायला शिकलंय असाच त्याचा अर्थ आहे. तरी लांडगा पाकिटावरून हलला नाही.

आता येतो तो निर्णय, ज्याच्यावरून अजून भांडणं होतात. 12 जुलै 2018 ला अमेरिकेतल्या अन्न-औषध बघणाऱ्या सरकारी खात्यानं सावध राहा म्हणून सांगितलं, की वाटाणा, मसूर, बटाटा असलेलं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराच्या तक्रारी यायल्यात, तेही ज्या जातींना हा आजार सहसा होत नाही त्यांच्यात. मग 27 जून 2019 ला त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. जानेवारी 2014 ते एप्रिल 2019 पर्यंत कुत्र्यांच्या 515 तक्रारी, त्यातलं दहातलं नऊ खाद्य ग्रेन-फ्री, 93 टक्क्यांत वाटाणा नाहीतर मसूर, आणि ज्या ब्रँडच्या दहा किंवा जास्त तक्रारी होत्या असे 16 ब्रँड नावानिशी जाहीर केले. बाजारात बोंब उठली. कंपन्या म्हणाल्या की कारण सापडलेलं नसताना नाव घेऊन बदनामी कशी करता, तक्रारी लोकांनी आपणहून केलेल्या आहेत, 2018 च्या सूचनेनंतरच त्यांचा पूर आला, आणि सूचनेतच ग्रेन-फ्रीचं नाव असल्यावर डॉक्टर ग्रेन-फ्री खाणारीच कुत्री कळवणार. हृदयाचे डॉक्टर म्हणाले की आमच्यासमोर कुत्री मरायलीत, काहींचं खाद्य बदललं तर हृदय सुधारायलंय, मालकाला कळायला नको का? टॉरिन या हृदयाला लागणाऱ्या घटकाचीही चर्चा झाली, कारण मांजरांमध्ये टॉरिन कमी पडून हाच आजार होतो हे 1987 ला सिद्ध झालेलं होतं, पण यातल्या बऱ्याच कुत्र्यांचं टॉरिन रक्तात नॉर्मल निघालं, त्यामुळं गाठ सुटली नाही. नोव्हेंबर 2022 पर्यंत तक्रारी 1382 वर गेल्या, आणि डिसेंबर 2022 ला त्याच खात्यानं सांगितलं की नुसत्या तक्रारींच्या आकड्यावरून कारण ठरत नाही, नवीन ठोस काही हाती लागेपर्यंत आम्ही आता याच्यावर जाहीर माहिती देणार नाही. प्रकरण बंद झालं असं ते म्हणाले नाहीत, गप्प बसले एवढंच.

मला विचाराल तर नावं जाहीर केली ते योग्य केलं. मालक पैसे मोजतो, तक्रारी कुठल्या पाकिटाच्या आहेत हे बघायचा त्याला हक्क आहे. फक्त 'सिद्ध झालेलं नाही' हे वाक्य तेवढ्याच मोठ्या अक्षरात पाहिजे होतं. कारण पुढं काय झालं, 2019 ची यादी फॉरवर्ड होत होत आपल्या ग्रुपपर्यंत आली, 2022 चं निवेदन आलंच नाही. अर्धे लोक ग्रेन-फ्री म्हणजे विष म्हणायलेत, अर्धे अजून ग्रेन-फ्री म्हणजे औषध म्हणायलेत. वरून नवीनच शंका निघाली, मग वरणभात पण हार्टला वाईट का? तिकडचा प्रश्न होता तो ज्या खाद्यात वाटाणा-मसूर मुख्य माल म्हणून पहिल्या काही नावांत लिहिलेला आहे आणि कुत्रं वर्षानुवर्षं तेच एक खाद्य रोज दोन वेळा खातंय, त्याचा. ताटातलं दोन घास वरण म्हणजे ते नव्हे. आमटीची भीती असलीच तर ती कांदा-लसणासाठी असावी, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्या कालवणात तो असतोच.

ज्या खाजेसाठी ग्रेन-फ्री इथं आलं ती धान्यानं होते का, हे तर बाजूलाच राहिलं. फूड अ‍ॅलर्जी पक्की झालेल्या 297 कुत्र्यांची जुनी माहिती एकत्र करून 2016 ला एक आढावा आला. बीफ 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15, गहू 13, मटणात मेंढीचं 5. गहू आहे, नाही असं नाही, पण वरचे तिन्ही प्राण्यांपासूनचे आहेत. आकडे पाश्चात्त्य देशांतल्या कुत्र्यांचे आहेत, तिथं डब्यात बीफ असायचंच म्हणून ते वर. जे रोज पोटात जातं त्याचीच अ‍ॅलर्जी तयार होते, हा त्यातला कामाचा धागा.

आपल्याकडं रोज पोटात काय जातं ते बघा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बॉयलर कोंबडी तालुक्याच्या प्रत्येक चौकात आली. पूर्वी कधीतरी जत्रेला मांस बघणाऱ्या घरातलं कुत्रं आता रोज चिकनचे पाय, मुंड्या, छिछडे खातंय, कारण ते दुकानात जवळपास फुकटात मिळतात. पाकिटातलं खाद्य घेतलं तर तेही बहुतेक चिकनचंच, कुरकुरीत ट्रीट चिकनची, जंताची गोळीसुद्धा चिकनच्या वासाची. सोबतीला ज्वारी गेली आणि रेशनचा गहू-तांदूळ आला, शेतात सोयाबीन आलं. काल्याच्या जागी चिकन-भात आला आणि त्यालाच आता लोक नैसर्गिक आहार म्हणतात. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम नसतंय हो, वाढतं पिल्लू त्याच्यावर ठेवलं तर पाय वाकतात, हाडं ठिसूळ होतात. 2013 ला अमेरिकेत घरगुती जेवणाच्या 200 रेसिपी तपासल्या तर 95 टक्क्यांत एक तरी गरजेचा घटक कमी निघाला, तेव्हा पाकीट वाईट आणि घरचं चांगलं एवढं सरळ नाही हे. पण रोज चिकन आणि खाज आली की दोष भाकरीला, हे कुठलं गणित आहे?

आणि खाज म्हणजे जेवणच असं तरी कुठं आहे. आधी पिसवा. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावे पुरतात, शेपटीच्या बुडापाशी आणि मांड्यांच्या मागं केस जातात, आणि मालक म्हणतो पिसू तर दिसत नाही. मग हवेतलं, धूळ, परागकण, घरातले बारीक किडे. मराठवाड्यात पावसाळा लागला की रस्त्याच्या कडेला, पडीक रानात कमरेएवढं गाजर गवत उभं राहतंय. हे गवत 1950 च्या दशकात बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर देशात घुसलं, पुण्याजवळ 1955-56 ला दिसलं आणि मग सगळीकडं. माणसांना त्यानं अंगावर उठतं हे डॉक्टरांनी केव्हाच नोंदवलंय. जून ते ऑक्टोबर लाल पडणारं आणि उन्हाळ्यात बरं होणारं कुत्रं बघितलं की मी आधी ते फिरतं कुठं हे विचारतो, खातं काय हे नंतर. जेवणाची खाज सहसा बाराही महिने असते, कान सारखे बिघडतात, पंज्यांवरचे पांढरे केस चाटून चाटून तांबूस होतात, कधी पोटही बिघडतं. तरी नुसतं बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

इथंच आपल्या भागात गाडी अडते. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की दोन दिवसांत खाज बंद, मालक खूश, महिन्यानं परत तेच. खाज थांबवणाऱ्या नवीन गोळ्या आणि इंजेक्शनं 2013 पासून निघाली, मोठ्या शहरात मिळतात, महाग आहेत. रक्ताच्या नाहीतर लाळेच्या फूड अ‍ॅलर्जी टेस्टवर हजारो रुपये जातात, पण त्या भरवशाच्या नाहीत, निरोगी कुत्र्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतोय. खरी टेस्ट जुनीच आहे, आधी कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन आणि एकच स्टार्च, आठ आठवडे, बाकी काहीच नाही. फूड अ‍ॅलर्जी असेल तर तेवढ्यात दहातली नऊ कुत्री सुधारतात. बाहेर यासाठी प्रोटीन बारीक तोडलेलं तयार खाद्य वापरतात, शरीराला ते ओळखूच येत नाही, पण ते पाकीट इथल्या खिशाला परवडत नाही. मग चिकन खाल्लेल्या कुत्र्याला मासे नाहीतर उस्मानाबादी बोकडाचं मटण आणि सोबत ज्वारी, गव्हावर वाढलेलं असेल तर ज्वारी त्याला नवीनच असते. मटण चिकनच्या तिप्पट भावाचं, तरी आठ आठवड्यांचा प्रश्न आहे, आणि कायमचं जेवण म्हणून नाही, टेस्ट म्हणून.

ही टेस्ट जेवणानं कमी आणि घरच्यांनी जास्त बिघडते. आजी सकाळी चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट देते, त्यात गहू आणि दूध दोन्ही. शेजारचं पोरगं गेटमधून टोस्ट टाकतंय. आणि सगळ्यात मोठी चूक शेवटच्या पायरीला होते. कुत्रं बरं झालं की जुनं जेवण मुद्दाम परत द्यायचं असतंय, दोन आठवड्यांत खाज परत आली तरच अ‍ॅलर्जी म्हणायची, मग एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका कुठला ते धरायचं. बरं झालेल्या कुत्र्याला परत खाजवायला लावायचं म्हणल्यावर मालकाचा हात उचलत नाही, डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. म्हणून चिकनची अ‍ॅलर्जी, गव्हाची अ‍ॅलर्जी असा शिक्का बसलेल्या आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांची ही शेवटची पायरी झालेलीच नसते, त्याच काळात पिसवांचं औषध पण चालू केलेलं असतंय, आणि श्रेय मात्र भाकरी बंद केल्याला जातंय.